निवांतच्या सरहद्दीवर

४ फेब्रुवारी

आजपासून लिहायला घेतलं. हौस म्हणून नाही. सकाळी हिला फोन केला तर म्हणाली, "अहो, मनात आलं की लगेच मला सांगायलाच पाहिजे असं नाही. कुठेतरी लिहून ठेवा. संध्याकाळी वाचा, आणि तेव्हाही महत्त्वाचं वाटलं तर करा फोन." त्याआधी मी दोनदा फोन केला होता. एकदा दूध नासल्याचं सांगायला आणि एकदा मागच्या दाराची कडी सैल झाल्याचं. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्याच होत्या.

ही लेकीकडे गेली आहे. लेक जिन्यावरून घसरली, घोटा मोडला, जावयाला एकट्याला झेपेना, म्हणून गेली. थंडी सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. पाय कसा आहे विचारलं की म्हणते, "होतंय हळूहळू." हाड इतकं हळूहळू जुळत नाही. आमच्या कागद कारखान्यात एका फिटरचा हात मोडला होता, तो बघता बघता पाना धरायला लागला. लेकीचं हाड वाकडं जुळलं असेल का? हे हिला सांगायला पाहिजे. लिहून ठेवलं. आता संध्याकाळपर्यंत थांबतो.

संध्याकाळ झाली. अजून महत्त्वाचंच वाटतंय. फोन केला. उचलला नाही.

७ फेब्रुवारी

आज माझी छाती फुटायचीच बाकी होती. दुपारी फोनवर हिला गॅसच्या नळीची तारीख विचारत होतो, तर ही एकदम ओरडली, "थांबा, माझ्या कोठाराला आग लागली!" आणि फोन बंद. परत लावला, उचलेना. लेकीचा लागेना. शेजारणीला बोलावलं. तिने विचारलं, "पत्ता काय सांगू अग्निशामकला?" तर मला लेकीच्या इमारतीचं नाव आठवेना. तेवढ्यात जावयाचा फोन आला.

"बाबा, काही झालेलं नाही. आई गेम खेळतायत."

"कसला गेम? आग लागली म्हणाली ती!"

"गेममध्ये लागली. धान्याचं कोठार जळालं. आता विझली."

शेजारीण तोंडावर पदर धरून हसत गेली. आता सगळ्या इमारतीत गवगवा होणार.

मग जावयाने समजावून सांगितलं. संगणकावर राज्य चालवायचा गेम. गावं वसवायची, शेती करायची, किल्ले बांधायचे, फौज ठेवायची. जावई आणि त्यांच्या ऑफिसातले काही लोक दर रविवारी दुपारी एकत्र खेळतात, जो तो आपल्या घरून. ही बघायला बसायची, मग खेळायला लागली. आता मधल्या दिवशीही एकटी सराव करते. तिचं स्वतःचं राज्य आहे म्हणे. "फार छान खेळतात आई. एकदम थंड डोकं," असं जावई म्हणाले.

घरात इतकी वर्षं मी तिला पत्त्यांचा डाव मांडताना पाहिलेलं नाही.

९ फेब्रुवारी

विचार करकरून एक ठरवलं. फोनवर ही दोन मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणते. गेममध्ये ही रविवारी अख्खी दुपार बसते. आणि गेममध्ये दुसऱ्या खेळाडूंशी बोलता येतं, कानाला हेडफोन लावून. मग मीही खेळाडू का होऊ नये? मी सातवीपर्यंत शिकलो असलो तरी बॉयलर सांभाळला आहे. तिथे चूक झाली असती तर शेड उडाली असती. ह्यात काय उडणार आहे?

लेकीचा जुना संगणक कपाटावर होता. जावयाला फोनवर बेत सांगितला आणि तो घेऊन खाली संगणक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हा आमच्याच इमारतीत तळमजल्याला बसतो. कमरेला पट्टा, खुर्चीवर उशी, आणि दुकानात कुणीही आलं की आधी स्वतःच्या पाठीचं सांगतो.

"काका, ह्या वयात लढाया?" म्हणाला.

"लढाया नाही. बायको खेळते."

"मग लढायाच की."

हसला, पण काम केलं. गेम घातला. मग म्हणाला, "नुसता गेम घालून भागणार नाही. तुमच्या जावयांनी मॉडची यादी पाठवलीय, बघा केवढी."

मॉड म्हणजे काय, ते त्याने असं सांगितलं: मूळ गेम म्हणजे बिल्डरने दिलेलं रिकामं घर. मॉड म्हणजे नंतर लोकांनी आपापल्या हौसेने केलेली भर. कुणी ऋतू घातले, कुणी रोगराई, कुणी आग, कुणी गावकऱ्यांना राग-लोभ दिले. तहांचे नियम कुणा वकिलाने लिहिले आहेत म्हणे. आणि सगळ्या सूचना मराठीत दिसाव्यात म्हणून एक मॉड जावयाने स्वतः केला आहे. सासूसाठी.

"आणि काका, सगळे खेळाडू एकत्र खेळतात ना, त्या सगळ्यांकडे तेच मॉड, त्याच क्रमाने लागतात. एकालाही हात लावायचा नाही."

मी बरं म्हटलं.

१३ फेब्रुवारी

एकट्याने सराव चालू आहे. माऊस धरून मनगट सुजलं. माझ्या राज्याला नाव द्यायचं होतं, सुचेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "तुम्हाला बघून एकच सुचतं. बंदोबस्त." तेच ठेवलं.

आज आग लागली. चांगली भरलेली दोन कोठारं गेली. त्यानंतर खेळताच येईना. डोळे सारखे कोठारांकडे. गावात काय चाललंय, फौज कुठे आहे, काही बघवेना. एक कोठार पाहिलं की वाटायचं दुसऱ्याला लागली असेल.

यादीत शोधलं. 'आग' नावाचा मॉड वेगळा दिसतोय. त्याच्यापुढची खूण काढली की बंद होतो. काढून टाकली. किती बरं वाटलं. आगीवाचून कुणाचं काय अडलंय?

१६ फेब्रुवारी, रविवार

फजिती. दुपारी सगळे जमले, मी जोडायला गेलो, तर पडद्यावर आलं: 'आपले जग इतरांच्या जगाशी जुळत नाही.' पुन्हा केलं, पुन्हा तेच. जावयाचा फोन.

"बाबा, तुम्ही काही बंद केलंत का?"

"नाही. फक्त आग."

मागून हसण्याचा आवाज आला. हिचाच होता. मी ओळखतो. "मला वाटलंच होतं," म्हणाली.

आग पुन्हा चालू करेपर्यंत त्यांचा खेळ उरकला होता. पण ती हसली. ती गेल्यापासून तिला हसताना ऐकलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

जमलं. कानाला लावून बसलो, आणि ही कानात बोलली. "आलात का?" एवढंच. पण फोनवरचा आवाज वेगळा, हा वेगळा. हा जवळचा होता.

तिच्या राज्याचं नाव 'निवांत'. असलं कसलं नाव? राज्याला काहीतरी भारदस्त पाहिजे. माझ्या उत्तरेला लागूनच आहे. मध्ये फक्त टेकड्या. मी आधी काय केलं, तर सरहद्दीवर बुरूज बांधले, तिच्या बाजूला सगळ्यात जास्त, म्हणजे तिच्याकडचं सगळं दिसेल. गावागावांत पहारे बसवले. रस्त्यांवर गस्त. कुठेही काही हललं की मला कळलं पाहिजे.

बाकीचे खेळाडू जावयाच्या ऑफिसातले. त्यातला एक हिशेबनीस आहे, त्याला सगळे 'टोळ' म्हणतात. बोलायला अगदी गोड. "नमस्कार काका, स्वागत आहे. काही अडलं तर विचारा." आणि बोलता बोलता त्याने जावयाची दोन गावं साफ करून टाकली.

शेवटी ही म्हणाली, "तह करायचा का आपण?" मी लगेच हो म्हटलं. मग नियमांचा मोठा कागद उघडला. ती म्हणाली, "वाचा हं नीट." बारीक अक्षरं होती. मान्य आहे, असं दाबलं. बायकोशी तह करायला वाचायचं काय?

एक गोष्ट कळली नाही. खेळ बंद करताना सूचना आली: 'पहाऱ्यांना कंटाळून काही कुटुंबे बंदोबस्त सोडून गेली.' कुठे गेली? तर निवांतला. दुरुस्तीवाल्याला विचारलं, "त्यांच्या जिवासाठीच पहारे बसवले. मग जातात का?" तो म्हणाला, "काका, गावकऱ्यांच्या स्वभावाचा मॉड फार बारकाईने केलाय हो कुणीतरी." ह्यात उत्तर कुठे आलं?

२ मार्च, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे माझं चुकलं कुठे ते तरी कळेल.

मी बुरुजावरून बघत होतो. टोळाची फौज निवांतच्या उत्तरेला जमत होती. छोटी नाही, मोठी. हिची माणसं मात्र गायब. उत्तरेच्या गावांत ना पहारा, ना तटबंदी. मी कानात म्हटलं, "अगं, उत्तरेला बघ." ती म्हणाली, "बघतेय." मी म्हटलं, "फौज हलव." ती म्हणाली, "अहो, मी बघतेय." पुन्हा सांगितलं. मग तिने उत्तरच दिलं नाही.

बॉयलरवर मी काटा लाल रेषेला टेकायची वाट कधी पाहिली नाही. सरकायला लागला की उठायचो. म्हणूनच शेड अजून उभी आहे. मी माझी सगळी फौज उठवली आणि टेकड्या ओलांडून निवांतमध्ये घातली. मधोमध नदी आहे, तिच्यावर एकच पूल. पुलावर उभी केली. आता येऊ दे टोळाला.

तेवढ्यात नगारा वाजला आणि पडदा तांबडा झाला: 'बंदोबस्तने निवांतवर आक्रमण केले आहे. तह मोडला.'

मला वाटलं यंत्र बिघडलं. कानात गलका. कुणीतरी म्हणालं, "अरे, काकांनी काकूंवर हल्ला केला!" सगळे हसायला लागले.

ही हसली नाही. "अहो, तुम्ही माझ्या हद्दीत काय करताय?"

"तुला वाचवायला आलोय."

"मी बोलावलं होतं?"

"बोलवायचं काय त्यात? मला दिसत होतं ना!"

"न बोलावता फौज आणली की तह मोडतो. वाचा म्हटलं होतं मी तुम्हाला."

"आपल्यात कसला आलाय नियम?"

  मग ही अगदी हळू म्हणाली, "आपल्यातच नाही कधी." आणि कानातून तिचा आवाज गेला. टोळाची फौज माघारी वळली होती; खेळ तिथेच थांबवला.

चार लोकांत असं बोलायची ती नाही.

३ मार्च

फोन उचलत नाही. एवढं काय? गेमच तर आहे. माझा हेतू वाईट होता का? सकाळपासून घरात येरझारा घालतोय. गॅस तीनदा बघून आलो. चहाच केलेला नव्हता.

५ मार्च

लेकीचा फोन. म्हटलं, पाय कसा आहे?

"बाबा, पाय कधीच बरा झाला. मी ऑफिसला जाते रोज."

"मग आई तिथे काय करते?"

गप्प राहिली. लेक गप्प राहिली की मला धडकी भरते. म्हटलं, "आईला काही झालंय का? डॉक्टरने काही सांगितलंय का? लपवू नकोस."

"काही झालेलं नाही, बाबा. ती मजेत आहे. संध्याकाळी एकटी फिरायला जाते. कधी बाजारातून येते, कधी तळ्यावरून. आम्ही विचारत नाही कुठे होतीस. उशीर झाला तरी नाही."

"विचारायला पाहिजे! पडली-झडली तर?"

"बघा," लेक म्हणाली. "हेच."

"हेच म्हणजे काय?"

"तुम्ही वाईट नाही हो, बाबा. पण तुमच्यासमोर माणसाला नुसतं बसताही येत नाही. दोन मिनिटं बसलं की तुम्ही येता. बरं आहे ना? खिडकी लावू का? कसला विचार करतेस?" मग म्हणाली, "ती परत येईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. ती आम्हालाही काही सांगत नाही."

जेवलो नाही. मी विचारतो कारण मला काळजी आहे. ज्याला काळजी नाही तो विचारत नाही. हे इतकं सरळ आहे की त्यात न कळण्यासारखं काय, ते मला कळत नाही. परत येणार नाही म्हणजे? हिचे सगळे कपडे इथे आहेत.

८ मार्च

जावयाचा निरोप. हिने गेममध्ये अटी धाडल्यात. फौज मागे घ्यायची. तिच्या बाजूचे बुरूज पाडायचे. मान्य असेल तर युद्ध संपेल, तह मात्र नाही. मी विचारलं, "पण टोळ?" जावई म्हणाले, "बाबा, अटींत टोळाचं काही नाही."

बुरूज पाडले. ते पडताना बघवत नव्हतं. आता त्या बाजूला नुसतं धुकं दिसतं.

९ मार्च, रविवार

आज टोळ आला. बुरूज नसल्यामुळे मला आधी काहीच कळलं नाही, मग टेकड्यांमागे धूर दिसला. एक गाव. थोड्या वेळाने दुसरं. माझी फौज सगळी तयार, टेकडीच्या पायथ्याशी. एकदा दाबलं की निघाली असती.

मी उठलो. गॅलरीत गेलो, आलो. पाणी प्यायलो. हात मांडीखाली घेऊन बसलो. तिसरं गाव. कानात ही काहीच बोलत नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता. तिचा श्वास नेहमीसारखा होता. माझा नव्हता. अक्षरं लिहायच्या चौकटीत मी लिहिलं, 'मी येतो'. पुसलं. 'येऊ का' लिहिलं. तेही पाठवलं नाही. तिला दिसत होतंच की मी कुठे उभा आहे. हवा असतो तर म्हणाली असती.

बसून राहणं इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही. बॉयलरसमोर कधी घाम आला नाही इतका आला.

टोळ जळत्या गावांतून पुढे आला. गावं रिकामी होती, हे नंतर कळलं. हिने माणसं आणि धान्य आधीच दक्षिणेला नेलं होतं. त्याची सगळी फौज पूल ओलांडून खाली उतरली, आणि मग हिने मागे पूल तोडला. बर्फ सुरू झालं. पुढे किल्ला, मागे नदी, खायला काही नाही. टोळाची फौज उभ्या उभ्या गळाली.

"काकू, मानलं तुम्हाला," टोळ म्हणाला.

"या पुन्हा," ही म्हणाली.

१० मार्च

दिवसभर फोन केला नाही. संध्याकाळी केला. उचलला.

"त्या दिवशी मी पुलावर उभा होतो," मी म्हटलं.

"हो. पुलावरच होतात. तुम्हाला बघून टोळ माघारी गेला. पुन्हा सगळं जमवावं लागलं मला."

"सांगायचंस ना तुझा बेत."

"सांगितलं असतं तर शांत बसला असतात?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "नाही," म्हटलं.

ती हसली. मोठ्याने नाही. जिभेवर सगळं तयार होतं: कधी येतेस, कपडे इथेच आहेत, लेकीचा पाय तर बरा झाला. त्याऐवजी म्हटलं, "गावं जळत होती तेव्हा तुला भीती नाही वाटली?"

आणि ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. भीती वाटतेच म्हणाली, पण स्वतःच्या भीतीशी माणसाला एकट्याने बसता आलं पाहिजे. लग्नाआधी ती एकटी वाचनालयात जायची, तिथल्या बाईंशी तिची मैत्री होती, ते सांगितलं. मला ठाऊकच नव्हतं. शेवटी म्हणाली, "परत यायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. रागाने म्हणत नाही. खरंच ठरवलेलं नाही."

मी बरं म्हटलं. फोन ठेवायची घाई केली नाही. तिलाही घाई दिसली नाही. फोन चालू होता आणि दोघंही गप्प. मग तिने ठेवला.



२१ मार्च

हे जिन्यात बसून लिहितोय.

ही सकाळी आली. काल कळवलं होतं, "उन्हाळ्याचे कपडे न्यायला येतेय." न्यायला म्हणाली. मी स्टेशनवर येऊ का विचारलं. नको म्हणाली. गेलो नाही. गाडीची वेळ टळून गेली, तरी फोन केला नाही. दार लोटून ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिलो. चालत आली होती, बाजारातून. घामेजलेली होती, एका हातात बॅग, दुसऱ्यात कोथिंबीर.

तिने कपाट उघडलं. मी स्वयंपाकघरात थांबलो. तिला काय हवं, काय नको, बॅग पुरते का, एवढं सगळं विचारायचं होतं. डाळ निवडत बसलो. निवडलेलीच होती, पुन्हा निवडली. मग आतला आवाज बंद झाला. हँगरचा नाही, पावलांचा नाही. चक्कर आली असेल? उठलो. दारापर्यंत गेलो.

कपाट उघडं, अर्ध्या साड्या पलंगावर, आणि त्यांच्याच कडेला ही आडवी झाली होती. झोप लागली होती. हात उशाशी, तोंड थोडं उघडं. खिडकीतून ऊन थेट पायांवर येत होतं. पडदा सारायला हात पुढे केला. पडद्याच्या कड्या वाजतात. सारला नाही.

घरात असलो तर माझ्याकडून काहीतरी होणार. खोकला तरी येणार. म्हणून चपला आणि वही हातात घेऊन बाहेर आलो आणि इथे पायरीवर बसलो.

मघाशी दुरुस्तीवाला कमरेला हात लावत वर आला. "काका, बाहेर काढलं का काकूंनी?"

"हळू बोल," म्हटलं. "झोपलीय."

तोही शेजारी बसला. पाठीबद्दल एक अक्षर बोलला नाही. थोड्या वेळाने उठून गेला.

अजून आत शांत आहे. किती वेळ झाला ते बघितलेलं नाही, घड्याळ आत आहे. उठली की निघेल, की चहा टाकेल, मला माहीत नाही. तिने आणलेली बॅग आल्यापासून दाराशीच आहे. भरली आहे की रिकामी, ते बाहेर येताना नुसतं उचलून कळलं असतं. उचलली नाही.